विचारा, सांगतो : इलिनॉय राज्यानं फाशी का सोडली?

प्रश्न : वकीलकाका, माझा पुतण्या शिकागोला नोकरीला आहे. आमच्या तालुक्यात नुकताच एक वाईट खून झाला. त्याबद्दल फोनवर बोलताना मी म्हटलं, असल्यांना फासावरच लटकवलं पाहिजे. तर तो म्हणाला, "काकू, आमच्या राज्यात फाशी नाहीच." मी तर समजत होते की अमेरिकेत फाशी आहे. मग तिथं ती कधीच नव्हती का? असेल तर का काढली? तिथले लोक खुन्यांच्या बाबतीत एवढे कनवाळू कसे झाले?
— एक शिक्षिका, पारोळा

उत्तर : ताई, तुमचंही बरोबर आणि पुतण्याचंही. अमेरिकेत खुनाला काय शिक्षा द्यायची हे जो तो राज्य आपलं आपण ठरवतो. आपल्याकडं पारोळ्याला आणि पाटण्याला एकच कायदा लागतो, तसं तिथं नाही. टेक्सासमध्ये देहदंड आजही दिला जातो. मिशिगननं मात्र १८४६ सालीच खुनासाठीची फाशी कायद्यातून काढून टाकली. तुमचा पुतण्या राहतो त्या इलिनॉयमध्ये गव्हर्नर (म्हणजे लोकांनी निवडलेले राज्याचे प्रमुख) पॅट क्विन यांनी ९ मार्च २०११ रोजी फाशी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याआधी राज्य स्थापन झालं तेव्हापासून, म्हणजे १८१८ पासून, मधली काही वर्षं सोडली तर तिथं देहदंड होताच. आधी दोर, १९२७ च्या कायद्यानंतर विजेची खुर्ची आणि शेवटी विषारी इंजेक्शन. साधनांचा हा इतिहास लांबवण्यात मला रस नाही. माणूस कशानं मेला यापेक्षा तो कुठल्या पुराव्यावर मेला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या प्रश्नातला "कनवाळू" हा शब्द मला थोडा अडला. इलिनॉयच्या लोकांना खुन्यांची दया आली, असं झालेलं नाही. त्यांनी स्वतःच्याच न्यायालयांचे निकाल उलगडून पाहिले, आणि जे दिसलं ते पाहून हात मागं घेतला. ही गोष्ट जरा मागून सांगावी लागेल.

अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी याच इलिनॉयमध्ये वकिली करत होते. १८५८ मध्ये बियर्ड्सटाउन गावी त्यांच्या एका जुन्या दिवंगत मित्राच्या मुलावर खुनाचा खटला चालला. मुख्य साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमाराला चांगलं चांदणं होतं, चंद्र बराच वर होता, मी माझ्या डोळ्यांनी याला मारताना पाहिलं. लिंकननी त्याच्याकडून हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आणि मग न्यायालयापुढं पंचांग ठेवलं. त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. पोरगा सुटला. त्याच्या विधवा आईकडून लिंकननी फी घेतली नाही.

हा खटला मी मुद्दाम आधी सांगितला, कारण असला साक्षीदार मला पुरेपूर ओळखीचा आहे. जळगावच्या सत्र न्यायालयात मी जन्मभर फौजदारी वकिली केली. रात्री केळीला पाणी द्यायला गेलेला, नाहीतर कापसाच्या राखणीला निजलेला माणूस साक्षीला उभा राहिला की "चांदण्यात पाहिलं" हे ठरलेलं. तिथी काढून पाहावी तर अमावास्या दोन दिवसांवर. तो माणूस दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. गावात चार दिवस चर्चा झालेली असते, आणि ऐकलेलं कुठं संपलं, पाहिलेलं कुठं सुरू झालं, हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. उलटतपासणीत ते बाहेर काढायला तयारी लागते आणि तयारीला वेळ लागतो. इलिनॉयच्या त्या पोराला लिंकन मिळाले. बाकीच्यांना कोण मिळालं, हा पुढचा सगळा इतिहास आहे.

आता १८८६. तुमच्या शेजारच्या अमळनेरच्या जुन्या गिरणी कामगारांना १ मे आणि आठ तासांचा दिवस म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. पण त्या तारखेमागं इलिनॉयमधल्याच चार फाश्या आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १ मे १८८६ ला शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला. ३ मे रोजी मॅककॉर्मिक कारखान्यापाशी पोलिसांनी कामगारांवर गोळ्या झाडल्या. त्याच्या निषेधाची सभा ४ मे रोजी हेमार्केट चौकात भरली. पोलीस सभा उठवायला आले तेव्हा गर्दीतून कुणीतरी बॉम्ब फेकला. सात पोलीस दगावले, आणि पोलिसांच्या गोळीबारात कामगारही मेले. बॉम्ब कुणी फेकला हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही.

तरी आठ जणांवर खटला चालला आणि सात जणांना फाशीची शिक्षा झाली. यांतल्या कुणीही स्वतः बॉम्ब फेकल्याचं सिद्ध झालं नव्हतं. त्यांची भाषणं आणि त्यांची वर्तमानपत्रं हाच मोठा पुरावा होता. ज्युरीत, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात, बसवायची माणसं हुडकून आणायला खास बेलिफ नेमला होता. आधीच मनात राग धरून बसलेल्यांनाही न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी ज्युरीत चालवून घेतलं. गव्हर्नर ओग्लस्बी यांनी दोघांची फाशी जन्मठेपेवर आणली, एकजण आदल्या दिवशी कोठडीतच स्फोटकानं मेला, आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघं फासावर गेले.

सहा वर्षांनी जॉन पीटर आल्टगेल्ड गव्हर्नर झाले. ते स्वतः न्यायाधीश राहिलेले होते. त्यांनी खटल्याचे कागद मागवून बारकाईनं वाचले आणि २६ जून १८९३ रोजी तुरुंगात उरलेल्या तिघांना पूर्ण माफी दिली. नुसती माफी देऊन ते थांबले नाहीत. ज्युरी ठरवून भरलेली होती, न्यायाधीश पूर्वग्रहानं वागले, आणि आरोपींचा बॉम्बशी संबंध जोडणारा पुरावाच नव्हता, असं त्यांनी कारणांसह लिहून काढलं. वर्तमानपत्रांनी त्यांना फाडून खाल्लं. १८९६ ची निवडणूक ते हरले. सरकारी खुर्चीत बसून असा कागद लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. पण ताई, त्या कागदाचा उपयोग जिवंत असलेल्या तिघांनाच झाला. चौघांना देण्यासारखं आल्टगेल्ड यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

आल्टगेल्ड यांच्याकडं ही माफी मागणाऱ्यांत क्लॅरेन्स डॅरो नावाचे एक तरुण वकील होते. १९२४ मध्ये याच डॅरोंनी शिकागोत दोन श्रीमंत घरच्या पोरांचा खटला लढवला. त्या दोघांनी चौदा वर्षांच्या एका मुलाचा, काही कारण नसताना, ठरवून खून केला होता. पुरावा पक्का होता, कबुली होती. डॅरोंनी ज्युरी टाळण्यासाठी गुन्हा सरळ मान्य करायला लावला आणि एकट्या न्यायाधीशांपुढं तासन्‌तास युक्तिवाद केला. न्यायाधीशांनी आरोपींचं कोवळं वय पाहून जन्मठेप दिली. डॅरोंनी चूक केली असं मी कधीच म्हणणार नाही, प्रत्येक आरोपीमागं असा वकील उभा राहिला पाहिजे. पण हे दोन खटले शेजारी ठेवून बघा. एकीकडं ज्यांच्यावर काही सिद्ध झालं नव्हतं ते चौघं मेले, दुसरीकडं सगळं कबूल केलेले दोघं वाचले.

पुढची पन्नास वर्षं भरभर सांगतो. १९६२ नंतर इलिनॉयमध्ये विजेची खुर्ची वापरली गेली नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मनमानी पद्धतीनं दिली जाणारी फाशी घटनेविरुद्ध ठरवली आणि देशभरातले तसले कायदे पडले. १९७६ मध्ये त्याच न्यायालयानं सुधारलेल्या कायद्यांना परवानगी दिली. इलिनॉयनं १९७७ मध्ये फाशी परत आणली. विधिमंडळात तिच्या बाजूनं मत देणाऱ्यांत कँकाकी गावचे एक औषध दुकानदार होते, जॉर्ज रायन. हे नाव लक्षात ठेवा.

१९९० ते १९९९ या काळात इलिनॉयनं १२ जणांना इंजेक्शन देऊन मारलं. त्याच कायद्याखाली फाशीची शिक्षा सुनावलेले १३ जण निर्दोष ठरून बाहेर आले. पुन्हा वाचा ताई. मारले १२ आणि सुटले १३. त्यांतला एकजण मरणापासून जेमतेम दोन दिवसांवर होता. त्याची बुद्धी शिक्षा समजण्याइतकी आहे का, एवढ्याच प्रश्नावर न्यायालयानं तारीख पुढं ढकलली होती. त्या वाढलेल्या मुदतीत पत्रकारिता शिकणारी विद्यार्थी मंडळी आणि त्यांचे प्राध्यापक जागेवर जाऊन आले. साक्षीदार म्हणत होता तिथून दिसतं का, हे त्यांनी उभं राहून पाहिलं. मग दुसऱ्याच एका माणसानं खुनाची कबुली दिली. पुढची गोष्ट लपवून ठेवणं मला पटत नाही : त्या दुसऱ्या माणसाची शिक्षाही २०१४ मध्ये रद्द झाली, कारण त्याची कबुली ज्या पद्धतीनं मिळवली तीच सरकारी वकिलांना संशयास्पद वाटली. म्हणजे एका खुनात दोन माणसं आळीपाळीनं दोषी ठरली आणि दोघंही बाहेर आली. इतकं अनिश्चित असताना सुई टोचायची?

१९९९ च्या नोव्हेंबरात शिकागो ट्रिब्यून या दैनिकानं १९७७ पासूनच्या सगळ्या फाशीच्या शिक्षा तपासल्या. २८५ प्रकरणं होती. त्यांतल्या किमान ३३ आरोपींचे वकील असे निघाले की ज्यांची सनद कधी ना कधी रद्द किंवा निलंबित झाली होती. किमान ४६ प्रकरणांत तुरुंगातल्या खबऱ्याची साक्ष वापरली होती, म्हणजे "कोठडीत हा माझ्याजवळ बोलला" असं सांगणारा दुसरा कैदी. मी स्वतः विधी सेवेतून मिळालेले खुनाचे खटले चालवले आहेत. सकाळी कागद हातात पडायचे आणि दुपारी साक्षीदार पिंजऱ्यात. न्यायालयाच्या आवारात झाडाखाली आरोपीची आई बसलेली असायची. "साहेब, मन्हा पोऱ्यानी काही करेल नही." काही जणींचं म्हणणं खोटं असायचं, आईला पोराचं खरं वाटतंच. पण कुठलीचं खरं आणि कुठलीचं खोटं, हे ठरवायला एका दुपारीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून ३३ चा तो आकडा मला आकड्यासारखा दिसत नाही.

आता रायन. १९९९ च्या जानेवारीत ते गव्हर्नर झाले, आणि दोनच महिन्यांत एका कैद्याला त्यांनीच मरू दिलं. इलिनॉयमधली ती शेवटची शिक्षा ठरली. ३१ जानेवारी २००० रोजी त्यांनी सगळ्या फाश्या थांबवल्या आणि चौदा जणांचा आयोग नेमला. आयोगानं २००२ मध्ये ८५ सुधारणा सुचवल्या. विधिमंडळ बसून राहिलं. मग मुदत संपायच्या तोंडावर, १० जानेवारी २००३ रोजी, रायन यांनी चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली. या चौघांचं म्हणणं होतं की जॉन बर्ज या शिकागोच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालच्या लोकांनी छळ करून आपल्याकडून कबुली घेतली. बर्ज यांना १९९३ मध्येच नोकरीवरून काढलं होतं. पुढं २०१० मध्ये या छळाबद्दल शपथेवर खोटं बोलल्याबद्दल ते दोषी ठरले. माफीच्या दुसऱ्या दिवशी, ११ जानेवारी २००३ ला, रायन यांनी फाशीच्या रांगेतल्या उरलेल्या १६७ जणांची शिक्षा एकगठ्ठा कमी केली. बहुतेकांना मरेपर्यंत तुरुंग मिळाला.

रायन स्वतः पुढं भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेले, हेही खरं. त्यामुळं त्यांच्या या निर्णयालाच नाकं मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. ते तेरा माणसं रायन यांनी सोडवली नव्हती, न्यायालयांनी सोडली होती. रायन यांनी ती मोजली एवढंच.

एक फायदा मात्र कायमचा झाला. खुनाच्या तपासात पोलिसांनी आरोपीची जबानी घेताना ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण केलंच पाहिजे, असा कायदा इलिनॉयनं २००३ मध्ये केला. तो विधिमंडळात पुढं रेटणारे आमदार होते बराक ओबामा.

आणि आपल्याकडं? फार लांब जाऊ नका. नाशिकच्या सत्र न्यायालयात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. उच्च न्यायालयानं त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीचीच शिक्षा ठरवली. त्याच सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला राज्याला सांगितलं. सोळा वर्षं आत गेली होती. मधल्या काळात फाशीची अंमलबजावणी झाली असती, तर ते पाच लाख कुणाच्या हातात दिले असते?

तुमच्या तालुक्यातल्या त्या खुनाचा मलाही संताप आहे, ताई. पण संतापाचं माप शिक्षेवर लावण्याआधी तपासावर लावा. जागेचा पंचनामा नीट झाला का, रक्ताचे नमुने वेळेत प्रयोगशाळेत गेले का, साक्षीदारांचे जबाब लगेच नोंदवले का, हे विचारणारे गावात चार जण असले तर खरा मारेकरी सुटत नाही आणि भलताही अडकत नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की जन्मठेप ही छोटी शिक्षा नाही. माझ्या धाकट्या भावाचा शेताच्या बांधावरून खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. मला फाशी हवी होती. तुम्ही वकील लोक आरोपीचंच बोलता. मेलेल्याच्या घरच्यांचं काय?
— एक शेतकरी, शहादा

उत्तर : दादा, तुमचा भाऊ गेला, त्यावर मी काही शिकवण द्यावी एवढी माझी पायरी नाही. तुम्हाला फाशी हवीशी वाटते यात गैर काही नाही.

वर ज्या इलिनॉयबद्दल लिहिलं, तिथं रायन यांच्या निर्णयाआधी ऑक्टोबर २००२ मध्ये शिक्षा कमी करण्याच्या अर्जांवर जाहीर सुनावण्या झाल्या. खून झालेल्यांचे आईबाप, बायका, भाऊ एकामागून एक उभे राहिले आणि सगळी जखम पुन्हा उघडी करून बोलले. त्यानंतर १६७ शिक्षा एका झटक्यात कमी झाल्या तेव्हा त्यांतले कित्येक चिडले. त्यांचा राग रास्त होता. प्रत्येक प्रकरण वेगळं ऐकून घेतलं आणि निकाल मात्र सगळ्यांचा एकच दिला, हे मलाही खुपतं. २०११ च्या कायद्यानं एक चांगली गोष्ट केली : फाशीच्या खटल्यांसाठी ठेवलेला निधी खून झालेल्यांच्या कुटुंबांना मदत आणि पोलिसांचं प्रशिक्षण याकडं वळवला.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. शिक्षा वाढवून मागण्याचं अपील पीडिताच्या नातेवाइकाला करता येत नाही, ते राज्य सरकार करू शकतं. आरोपी सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर मात्र तुम्हाला स्वतः अपील करता येतं. तुमच्या प्रकरणात खुनाचंच कलम लागलं असेल तर तो मार्ग नाही, त्यावर पैसे घालवू नका. कुणी "करून देतो" म्हणत असेल तर आधी माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला विचारा.

दुसरं, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज काढून टाका. जन्मठेप जन्मभराचीच असते. खुनाच्या प्रकरणात चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच त्या चौदाचा अर्थ. चौदा वर्षांनी दार आपोआप उघडत नाही.

आणि तिसरं, यासाठीच मी तुमचं पत्र या अंकात घेतलं. पीडित भरपाईची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ पासून आली, कलम ३५७-अ, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. निकालात भरपाईची शिफारस आहे का ते निकालपत्राच्या शेवटच्या पानांवर पाहा. नसेल तरी नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. निकालाची प्रत, मृत्यूचा दाखला आणि भावजयीचं बँकेचं पासबुक सोबत न्या. अर्जाला मुदत असते, म्हणून कापूस वेचणीनंतर बघू असं म्हणू नका. भावजय आणि लेकरं यांच्या नावानं अर्ज व्हायला हवा. अर्ज लिहून घ्यायला तिथं वकील फुकट मिळतो.

प्रश्न : सर, इलिनॉयच्या गव्हर्नरनं एका दिवसात १६७ शिक्षा कमी केल्या. आपले राज्यपाल असं करू शकतात का?
— विधी शाखेचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : नाही, बेटा. राज्यघटनेच्या कलम १६१ खाली राज्यपालांना आणि कलम ७२ खाली राष्ट्रपतींना शिक्षा कमी करण्याचा अधिकार आहे, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं मारू राम खटल्यात १९८० मध्ये स्पष्ट केलं. इलिनॉयचा गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि माफीचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो, म्हणून रायन एकट्याच्या सहीनं ते करू शकले. आपल्याकडं एकगठ्ठा निर्णयाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण न्यायालयाचं आहे : शत्रुघ्न चौहान खटला, जानेवारी २०१४. दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले वगैरे कारणांनी सर्वोच्च न्यायालयानं १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली.

बचन सिंग खटल्याचा १९८० चा निकाल तुमच्या अभ्यासक्रमात असेलच, फाशी फक्त "दुर्मिळातील दुर्मिळ" प्रकरणातच द्यायची, हे सूत्र तिथलं. पण बहुतेक विद्यार्थी बहुमताचा निकाल वाचून थांबतात. न्यायमूर्ती भगवती यांचा विरोधी निकाल १९८२ मध्ये आला. तो मोठा आहे, ग्रंथालयात बसून वाचावा लागेल. फाशी कुणाला होते आणि कुणाला होत नाही, त्यात खंडपीठावर कोण बसलंय याचा किती वाटा असतो, हे त्यात उदाहरणांसह मांडलं आहे. वाचून झाल्यावर तुला ते पटलं की नाही, ते कारणांसह मला लिही, पुढच्या अंकात छापू.